रात्र जागवून कादंबरी पुरी होत नाही

गेल्या वर्षी आखाजीच्या आधी कळसाडीचे एक शेतकरी माझ्याकडे तपासायला आले. वय बावन्न. डोकं जड राहतं आणि छातीत जळजळतं, एवढीच तक्रार. रक्तदाब मोजला तर १५८/९८. दोन दिवसांनी पुन्हा बोलावून मोजला, जवळपास तेवढाच. बिडी नाही, दारू नाही, वजन बेताचं. वडिलांना रक्तदाब होता, हे एक कारण सापडलं. मग झोपेचं विचारलं, तेव्हा ते चाचरले. सोबत आलेला मुलगाच म्हणाला, "आबा रात्री दोन-तीनपर्यंत लिहीत बसतात, डॉक्टरसाहेब."

काय लिहिता, म्हटलं. "कादंबरी," ते म्हणाले, तेही असं की चोरी पकडली गेली असावी.

हे सगळं त्यांच्या संमतीने लिहितो आहे. गावाचं नाव छापा, माझं नको, असं त्यांनी सांगितलं. नऊ वर्षांपासून ते लिहीत होते. विषय १९७२च्या दुष्काळातला, त्यांच्या वडिलांच्या मळ्यावर सालाने राबलेल्या एका सालदाराच्या आयुष्याचा. तो सालदार आज ऐंशीच्या पुढे आहे, नजर गेली आहे, पण आठवण शाबूत आहे. त्याच्या हयातीत हे लिहून व्हावं आणि त्याला वाचून दाखवावं, एवढीच आबांची इच्छा. दोनशे पानी अकरा वह्या भरल्या होत्या. पण त्यांत कादंबरी चार वेळा सुरू झाली होती आणि एकदाही निम्म्याच्या पुढे गेली नव्हती. पहिलं प्रकरण सात वेळा लिहिलेलं. "शेतीची कामं आली की दोन-तीन महिने वही बंद. पुन्हा उघडली की काही जुळत नाही, म्हणून पहिल्यापासून," असा त्यांचा हिशेब.

माझ्याकडून त्यांना हवी होती ती जाग राहण्याची गोळी.

मी दिली ती रक्तदाबाची. आणि तेव्हापासून आमच्यात एक वाद सुरू झाला. तो आज वाचकांपुढे मांडतो, कारण ओळखीच्या पाच-सात लिहिणाऱ्यांत तोच घोळ मला दिसला आहे. लिहायचं तर रात्री, सगळं जग झोपल्यावर, एका बैठकीत, अंगात आल्यासारखं. असं लिहिता आलं तरच ते खरं. ही समजूत आरोग्याला वाईट आहेच, पण कादंबरीलाही वाईट आहे, असं माझं मत आहे.

आबांनी मला पुरावे दिले. खानदेशातलेच. भालचंद्र नेमाड्यांनी 'कोसला' पंधरा-सोळा दिवसांत लिहिली. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली, ९ फेब्रुवारी १९३३ला सुरू करून १३ तारखेच्या पहाटे संपवली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शाळेपासून आपण त्या ऐकत आलो आहोत. घोळ असा की आपण त्यांचा शेवटचा आठवडा तेवढा ऐकतो.

'कोसला'च्या वेळी नेमाडे पंचविशीत होते, मुंबईतलं बस्तान उठवून यावल तालुक्यातल्या सांगवीला घरी परतलेले होते. नोकरी नव्हती, डोक्यावर छप्पर होतं, दिवस रिकामे होते. शिवाय जे लिहायचं ते नुकतंच जगून झालेलं होतं. त्याच नेमाड्यांची 'हिंदू' वाचकांच्या हातात आली ती २०१० साली. मधल्या काळात 'बिढार', 'जरीला', 'झूल' आल्या, म्हणजे ते काही रिकामे बसले नव्हते. पण 'हिंदू'ची वाट मराठी वाचकांनी काही दशकं पाहिली. एकाच लेखकाची एक कादंबरी पंधरवड्यात होते आणि दुसरीला एवढा काळ लागतो. यातली पहिली गोष्ट आपण नियम म्हणून सांगतो आणि दुसरी अपवाद म्हणून. उलट का नाही?

साने गुरुजींचं तर त्याहून बोलकं आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक होते आणि वसतिगृहाचं काम पाहत. तिथल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेलं एक 'छात्रालय दैनिक' काढत. दैनिक म्हणजे दैनिक, मनात आलं तेव्हाचं नाही. १९२८ला 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, दर रविवारी एक अध्याय. २१ फेब्रुवारीला सुरुवात, १९ जूनला शेवट. अठरा अध्याय, अठरा रविवार, मध्ये एकही खाडा नाही. ती प्रवचनं उतरवून घेणारा हात साने गुरुजींचा होता. आज 'गीता प्रवचने' म्हणून जे पुस्तक घराघरांत आहे, ते असं आठवड्याला एक अध्याय या चालीने झालेलं आहे. म्हणजे नाशिकच्या त्या पाच दिवसांच्या मागे कित्येक वर्षांचं रोजचं लेखन होतं आणि मुलांना सांगून सांगून घोटलेल्या आठवणी होत्या. आणि पुस्तकाची रचना पाहा: श्याम आपल्या आईच्या आठवणी एका रात्री एक अशा सांगतो, बेचाळीस रात्री. ज्या पुस्तकाचा दाखला आपण एका दमात लिहिण्यासाठी देतो, ते रोज थोडं सांगण्याच्या रीतीवर उभं आहे.

आबांना हे पटायला वेळ लागला. मला वाटतं, अजून पूर्ण पटलेलं नाही.

आता झोपेचं. माझा धंदा तो आहे. प्रौढ माणसाला सात तासांची तरी झोप लागते. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दहा ते वीस टक्के खाली उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मिळणारी ती रोजची सुटी असते. तीन वाजता झोपून सहाला उठणारा माणूस ती सुटी निम्मी कापतो. आबांचा रक्तदाब फक्त जागरणाने वाढला असं मी म्हणणार नाही, वडिलांचा वारसा होता. पण आगीला वारा मिळाला, हे नक्की.

लिहिण्याच्या दृष्टीने आणखी महत्त्वाचा एक प्रयोग आहे. २००३ साली अमेरिकेत व्हॅन डाँगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ निरोगी माणसांवर तो केला. काहींना रोज आठ तास झोपू दिलं, काहींना सहा, काहींना चारच, सलग चौदा दिवस. सहा तासवाल्यांचं लक्ष आणि कामातली स्मृती दिवसेंदिवस घसरत गेली. पंधरवड्याच्या शेवटी ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खाली आली होती. यातला खरा धक्का पुढे आहे. या लोकांना विचारलं की झोप येतेय का, त्रास होतोय का, तर पहिल्या काही दिवसांनंतर ते फारसं काही सांगत नव्हते. आपण सरावलो असं त्यांना वाटत होतं. चाचण्यांत मात्र ते खाली खाली जात होते.

रात्री दोन वाजता जमलेलं पान सकाळी वाचून फाडावंसं का वाटतं, याचं उत्तर मला इथे दिसतं. दमलेला मेंदू चुका तर करतोच, पण त्या चुका मोजायचा काटाही त्या वेळी ढिला झालेला असतो. आबांच्या अकरा वह्यांपैकी किती पानं अशी गेली असतील, कोण जाणे.

मी त्यांना सांगितलं, पहाटे पाचला उठून लिहा. शहरातले सगळे लेख हेच सांगतात. आबा हसले. म्हणाले, "साहेब, लाईट कोण विचारतं?"

शेतीच्या मोटारीला थ्री फेज लाईट आमच्या भागात पाळीपाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ठिबक असलं तरी मोटार चालू झाली का पाहायला, व्हॉल्व बदलायला, फुटलेली नळी जोडायला माणूस लागतो. रात्रीची पाळी असली की आबा बारा-एकपर्यंत शेतात. त्या माणसाला पहाटे पाचला उठवणं म्हणजे पुन्हा झोपेवरच कुऱ्हाड. घड्याळाच्या काट्याला बांधलेली सवय त्याच्या घरी टिकणार नाही. रात्रपाळीच्या नर्सची, एसटीच्या वाहकाची, कारखान्यातल्या कामगाराची गोष्ट याहून वेगळी नाही. नेमाच्या सल्ल्यांतला हा मोठा दोष आहे: ते ज्याचा दिवस आधीच त्याच्या ताब्यात आहे अशा माणसासाठी लिहिलेले असतात.

मग सवय बांधायची कशाला? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर बारा आठवडे एक अभ्यास केला, तो २०१०च्या सुमारास प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक नवी गोष्ट निवडायची आणि ती रोज घडणाऱ्या एका घटनेला जोडायची. नाश्ता झाल्यावर पाणी पिणं, जेवणासोबत फळ खाणं, अशी. ती गोष्ट आपसूक व्हायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. पण कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एकवीस दिवसांत सवय लागते हे जे आपण व्हॉट्सॲपवर वाचतो, ते मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातल्या एका निरीक्षणावरून पसरलेलं आहे. त्यात सवयीचा प्रयोग असा काही नव्हता. लॅलींच्या अभ्यासातलं दुसरं निरीक्षण मला जास्त उपयोगी वाटतं. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही, दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा रुळावर येते. अर्थात त्या लोकांनी पाणी पिण्यासारख्या साध्या गोष्टी निवडल्या होत्या, कादंबरी नव्हे. आकडा उचलून कादंबरीला लावू नये, रीत मात्र उचलावी.

खानदेशाला ही रीत नवी नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी जात्यावर, शेतात, चुलीपाशी सुचत आणि सोपानदेवांनी व घरातल्या इतरांनी ती उतरवून ठेवली, म्हणून आपल्यापर्यंत पोचली. जातं हीच त्यांची वेळ होती. दळण रोज येणार, म्हणून गाणंही येणार. कादंबरी जात्यावर होत नाही, मान्य. तिला वही लागते आणि काल काय झालं होतं ते लक्षात ठेवावं लागतं. पण तिला बांधायला एक जातं लागतंच.

आबांच्या दिवसात लाईट कशीही असली तरी चुकत नाही अशी एकच गोष्ट आम्हाला सापडली. उठल्यानंतरचा पहिला चहा. दिवसाची पाळी असली तर तो साडेपाचला, रात्री पाणी भरलेलं असलं तर नऊला. घड्याळ बदलेल, चहा बदलणार नाही. आणि चहा झोपेनंतरच येतो, म्हणजे लिहिणंही झोपेनंतरच. ठरलं ते असं: चहाचा कप हातात आला की वही उघडायची. एक पान लिहायचं. पान झालं की बंद, मग कितीही सुचत असो.

एक पान ऐकून त्यांचा चेहरा पडला. एवढ्याने काय होणार! म्हणून मी पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. त्यांच्या हस्ताक्षरात एका पानावर दोनशे शब्द बसतात. वर्षातले शंभर दिवस सोडून देऊ: कापूस वेचणी, लग्नसराई, ताप, मयत, सारंगखेड्याची यात्रा. उरले २६५. त्याचे होतात ५३ हजार शब्द. मध्यम आकाराच्या मराठी कादंबरीचं शरीर तेवढ्यात उभं राहतं. एका आखाजीला सालदार ठेवावा आणि पुढच्या आखाजीला साल पुरं व्हावं, तसा हा करार. नऊ वर्षांत जे झालं नाही ते वर्षा-दीड वर्षात होईल असा दावा मी केला. डॉक्टरने असे दावे करू नयेत, पण केला.

यावर लेखकांचा नेहमीचा आक्षेप असतो की सुचेल तेव्हाच लिहावं, ठरवून लिहिलेलं निर्जीव होतं. याचा थोडाफार तपास झालेला आहे. रॉबर्ट बॉइस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली लिहिताना अडलेल्या २७ प्राध्यापकांचे तीन गट केले. एका गटाने अगदी निकड असेल तरच लिहायचं. दुसऱ्याने मनाला येईल तेव्हा. तिसऱ्याने ठरलेल्या वेळी लिहायचंच, चुकलं तर पैशांचा भुर्दंड. तिसऱ्या गटाने दुसऱ्यापेक्षा तिपटीहून जास्त पानं लिहिली, यात नवल नाही. नवल हे की लेखनासाठी नव्या कल्पना सुचण्याची नोंदही त्यांच्याकडेच जास्त निघाली. त्यांना साधारण रोज एक, तर मर्जीने लिहिणाऱ्यांना दोन दिवसांत एक. प्रयोग लहान आहे, माणसं विद्यापीठातली आहेत, ती कादंबऱ्या लिहीत नव्हती. तरी माझ्या अनुभवाशी तो जुळतो. हे साप्ताहिक सदर मी लिहितो तेव्हा सुचल्यावर बसत नाही. बसल्यावर सुचतं, तेही दहा मिनिटं भिंतीकडे पाहून झाल्यावर.

इंग्लंडातल्या अँथनी ट्रॉलपचं नाव इथे निघतंच. पोस्ट खात्यात नोकरी करत त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला मेजावर, समोर घड्याळ, दर पाव तासाला अडीचशे शब्द. १८८३ साली, त्याच्या मृत्यूनंतर आत्मचरित्र छापून आलं आणि हे हिशेब लोकांना कळले, तेव्हा अनेकांच्या मनातून तो उतरला. कलावंत असा कारकुनासारखा? मला तो कारकून आवडतो, पण त्याची नक्कल करू नका असंच मी सांगेन. पाव तासाला अडीचशे शब्द हा त्याच्या बोटांचा वेग होता. आपला वेग आपण महिनाभर मोजून ठरवावा, आणि वाईटातल्या वाईट आठवड्यातही जमेल एवढाच ठेवावा. चांगल्या आठवड्यावरून ठरवलेलं माप वाईट आठवड्यात आपल्याला गुन्हेगार करतं. मग वही उघडायचीच भीती वाटते.

त्या ट्रॉलपच्या गोष्टीत एक माणूस असतो, ज्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्याला उठवून कॉफी आणून देणारा म्हातारा नोकर. त्या कामाचे ट्रॉलप वर्षाला पाच पौंड जादा देई, आणि आपल्या यशात या माणसाचा वाटा इतर कोणाहूनही मोठा आहे, असं त्याने आत्मचरित्रात नोंदवून ठेवलं आहे.

हे मला आठवलं ते आबांच्या घरी गेलो तेव्हा. ओसरीवर वही, समोर चहा, छान चाललं होतं. काकू गोठ्यातून दुधाची बादली घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "चहा मी करते, दूध मी काढते, डबा मी भरते. मी लिहायचं म्हटलं तर कोणता चहा धरू, ते सांगा डॉक्टर." मला उत्तर देता आलं नाही. लिहिण्याचा तास आकाशातून पडत नाही, घरातल्या कोणाच्या तरी हातांतून तो निघतो, आणि आपल्याकडे ते हात बहुतेक बाईचे असतात. फलटणच्या बेबी कांबळे आपल्या किराणा दुकानात बसल्या बसल्या लिहीत, आणि लिहिलेलं घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून वर्षानुवर्षं लपवून ठेवत. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आलं ते १९८६ साली. त्यांनाही गल्ल्यासमोरची मोकळी मिनिटं सापडली होती, फक्त ती चोरून घ्यावी लागली. नेमाने लिहा असा सल्ला पुरुषांना देताना मी आता एक प्रश्न जोडतो: या वेळात तुमचं काम कोण करतं? कळसाडीत याचं उत्तर असं निघालं की संध्याकाळचं दूध आबा काढू लागले. पहिला आठवडा म्हशीने सहकार्य केलं नाही.

कादंबरीची एक अडचण कवितेला किंवा लेखाला नसते. ती महिनोन्‌महिने डोक्यात जिवंत ठेवावी लागते. आबांची चारही वेळा फसगत तिथेच झाली. खंड पडला की माणसं विसरत, कोण कोणाला काय बोललं ते विसरत, आणि पुन्हा आत शिरायचा रस्ता सापडत नसल्यामुळे ते पहिल्या प्रकरणाच्या ओळखीच्या दारातून जात. यावर उपाय साधा आहे. हेमिंग्वे सांगत असे की पुढे काय होणार हे माहीत असतानाच थांबावं, विहीर कोरडी करू नये. मारिया ओव्हसियांकिना या संशोधिकेने १९२८ साली बर्लिनमध्ये दाखवलं होतं की काम मध्येच तोडलं तर संधी मिळताच माणूस आपणहून त्याच्याकडे परत वळतो. म्हणून प्रसंग पुरा करून उठू नये. वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल. आणि पानाच्या तळाशी उद्यासाठी दोन ओळी खरडून ठेवाव्यात: आता बैलजोडी बाजारात पोचली, उद्या सौदा मोडतो. मोठा खंड येणार हे आधी माहीत असतं, पेरणी काही अचानक येत नाही. त्याआधी एक पूर्ण पान फक्त स्वतःला निरोप म्हणून लिहावं: कोण कुठे आहे, कोणाच्या मनात काय आहे, पुढचे तीन प्रसंग कोणते. आबांनी मागच्या जूनमध्ये हे पान लिहिलं. पावसाळी कामांत सव्वा महिना वही बंद राहिली. ऑगस्टमध्ये उघडली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ते पहिल्या प्रकरणाकडे गेले नाहीत.

दुरुस्ती मात्र सकाळच्या पानाच्या वेळी करायची नाही. मागचं वाचून सुधारत बसलं की पुढे जाण्याची वेळ संपते. यावर आमचं भांडण झालं. त्यांना शुद्धलेखनाचा सोस आहे. शेवटी रविवार दुरुस्तीला दिला.

शरीराचं थोडक्यात. जमिनीवर मांडी घालून, वही गुडघ्यावर धरून वाकून लिहिलं की मान आणि कंबर दोन्ही धरतात. उतरतं मेज किंवा पाटावर पाट ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. अर्ध्या-पाऊण तासाने उठून अंगणात एक फेरी मारावी. चाळिशी लागलेली असताना चष्म्याविना ताणून लिहिणं हे डोकेदुखीचं अगदी सामान्य कारण आहे. आबांची निम्मी डोकेदुखी त्यातलीच निघाली. जागं राहायला तंबाखू किंवा सुपारी तोंडात धरणारे लिहिते लोक मी पाहिले आहेत. त्याविषयी मी नरमाईने बोलू शकत नाही, कारण तोंडाच्या कर्करोगाचे रुग्णही मीच पाहतो. चहा दुपारी चारनंतर नको. रात्री डोक्यात प्रसंग फिरू लागला तर उशाशी ठेवलेल्या चिठ्ठीवर एक ओळ लिहावी आणि दिवा मालवावा. प्रसंग सकाळी जागेवर असतो. नसला, तर तो तेवढाच होता.

या सगळ्याने कादंबरी चांगली होते का? तसं मी म्हटलेलं नाही. नेम पानं देतो, कस देत नाही. आणि पंधरा दिवस झपाटून लिहिणाऱ्या पंचविशीतल्या पोराला मी अडवणारही नाही, त्याच्याकडे ते पंधरा दिवस असतील तर. माझा वाद आहे तो बावन्न वर्षांच्या, रक्तदाबाच्या, मोटारीच्या पाळीला बांधलेल्या माणसाला तीच एक वाट खरी म्हणून दाखवण्याशी. नऊ वर्षं तो स्वतःला आळशी समजत होता. अकरा वह्या भरणारा माणूस आळशी!

या आखाजीला ते गोळ्यांची चिठ्ठी नवी करायला आले. रक्तदाब १३२/८४. गोळी सुरूच आहे आणि राहील. झोप सहा ते सात तास. वर्षात २६५ नव्हे, २११ पानं झाली. डिसेंबरात काकूंचा पाय मोडला तेव्हा तीन आठवडे गेले. शनिवारी संध्याकाळी ते सालदारबाबांच्या ओट्यावर बसून प्रकरण वाचून दाखवतात, आणि म्हातारा डोळे मिटून ऐकतो. मागच्या शनिवारी त्याने सहाव्या प्रकरणात मध्येच हात वर केला. त्या साली मजुरी पैशात ठरली नव्हती, जोंधळ्यात ठरली होती, आणि ठरलेल्यातला अर्धा मिळालाच नाही. हे त्याने पन्नासहून अधिक वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, आबांच्या वडिलांच्या भिडेने.

आता सहावं प्रकरण बदलावं लागणार. वडिलांविषयी हे लिहायचं की नाही, यावर घरात बोलणं चालू आहे. आबा म्हणाले, रविवारी नाही, हे सकाळच्या चहालाच लिहावं लागेल.